मुखरूची नळी

“पोरीनं नाई म्हटलं ते आमी आयकलं. आता बापानं बोलाव,” भैयाजी म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

सगळे मुखरूकडे पाहू लागले. पण मुखरू बोलणार कसा? त्याच्या कंठाच्या खड्ड्यात धातूची नळी बसवलेली होती. श्वास तिथूनच आत-बाहेर होई. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं तरच वारा वर चढे आणि शब्द निघे. आणि बोट ठेवायला त्याला बंदी होती. बंदी घालणारी शकू, त्याची एकुलती एक पोरगी, समोरच मान खाली घालून बसली होती. तिलाच आपल्या मुलासाठी पाहायला भैयाजी आणि हे पाहुणे वरोऱ्याहून आले होते.

रोग तरी कसला, तर झोपेचा! मुखरू घोरायला लागला की शेजारचे जागे होत. मग घोरणं अचानक थांबे, आणि त्याच्यासोबत श्वासही. दिवसा बंडी हाकता हाकता तो डुलक्या घेई. एकदा तर बैलांनीच त्याला घरी आणून सोडलं. अखेर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत याचा गळा मिटतो. त्यांनी गळ्याला भोक पाडलं, नळी बसवली, आणि मुखरू जगला.

पण नळी म्हणजे तान्हं पोरच. तिच्या आतली बारीक नळी रोज काढायची, ब्रशने घासायची, उकळायची, पुन्हा बसवायची. कफ साचून घट्ट झाला की जीव गेलाच म्हणायचा. बायको आधीच वारली होती. हे सगळं शकू करी. गेल्या साली खळ्यावर धान चुरताना मुखरूने मातीने भरलेलं बोट नळीवर ठेवून बैलाला हाक मारली. भोक पिकलं, ताप चढला, माणूस मरता मरता वाचला. तेव्हापासून शकूचा कायदाच झाला. बोट लावाचं नाई, खुणेनं सांगाचं. नळी ती अशी लखलखीत ठेवी, की बोट ठेवायला जागा नाही. मुखरूला तर खरोखरच नव्हती!

हे तिसरं स्थळ. दरवेळी शकूचं उत्तर एकच असे, “मी गेली तर बाबाची नळी कोन साफ करन?” पाहुणे हळहळत, पोरीचे गुण गात निघून जात. गाव म्हणे, पोरगी असावी तर अशी. सकाळी बालवाडीत लेकरांना शिकवायचं, घरी येऊन बापाची नळी उकळायची. मुखरूला मात्र ही वाहवा टोचे. आपण पोरीच्या गळ्यातलं लोढणं झालो, असं त्याला वाटे. हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. तो आपल्याच गळ्यात कोंडला गेला होता.

आजचं स्थळ तर सोन्यासारखं. मुलगा बल्लारपूरला नोकरीवर, निर्व्यसनी. “सून आमच्या घरी सुखात राहीन,” भैयाजी म्हणाले होते. “मंग बालवाडी-गिलवाडीचा तरास नाई तिले.” त्यावर शकूने आपलं ठरलेलं उत्तर दिलं होतं.

मुखरू उठला. चुलीजवळ गेला. लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा घासली.

“बाबा, ते मी करते ना,” शकू अर्धवट उठली. मुखरूने तळहात दाखवून तिला बसवलं.

मग त्याने स्टोव्ह पेटवला, आतली नळी अलगद फिरवून काढली आणि ब्रश घातला. शकू बालवाडीत गेली की तो घरामागे बसून हे शिकला होता, पहिल्यांदा चुकत, मग सरावाने. पाणी खळखळलं. नळी उकळून, गार होऊन परत गळ्यात बसली.

मुखरूने स्वच्छ बोट नळीवर ठेवलं. सालभरात पहिल्यांदा त्या घरात त्याचा आवाज उमटला.

“माहं मी करतो. पोरगी मोकळी हाय. देली!”

बापाच्या तोंडून ‘देली’ निघालं म्हणजे संपलं. मग सुपारी फोडायचीच काय ती बाकी राहते.

“वा रे मुखरूभाऊ!” भैयाजींचे डोळे ओले झाले. “बोल माय, आता तं काई अडचन नाई ना?”

शकूने तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. पोरगी लाजली म्हणून सगळे हसले, आणि साक्षगंधाची तारीख बोलत बोलत अंगणात गेले.

मुखरूच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं होतं! शकू त्याच्या मागे आली. नळीची फीत मानेमागे सैल झाली होती, ती बांधू लागली. तिची बोटं थंडगार होती. मुखरूने हसत मान वळवली. ती रडत होती.

“मले लगनच कराचं नवतं, बाबा,” ती हळूच म्हणाली. “तुमची नळी सोडून दुसरं कोनतं कारन आयकलं असतं या लोकाईनं?”