पोटातल्याचा वाटा

रापणीचं जाळं गुडघाभर पाण्यात आलं आणि आतली चांदी उसळताना बघून दोर ओढणाऱ्या अख्ख्या वाडीला हुरूप आला. सत्यवतीने वाकून बघितलं. बांगड्याची पिल्लं होती, बोटाएवढी.

पिल्लं परत सोडायची, असं वाडीने ठरवलं तेव्हा बैठकीत एकटी तीच त्याविरुद्ध तावातावाने भांडली होती. आजही ती भांडेल, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको, म्हणून सगळे तिच्याकडेच बघत होते. व्यापाऱ्याचा टेम्पो किनाऱ्यावर उभाच होता. तिच्या गरोदर सुनेनेही दोराला हात लावला होता. रापणीच्या रीतीप्रमाणे तिला दोन वाटे मिळायचे, एक तिचा, एक पोटातल्याचा.

सत्यवतीने पदर खोचला, पाण्यात शिरली आणि जाळ्याची कड पायाखाली दाबली.

"बघतास काय? सोडा तेंका!"

ओशाळलेली माणसं धावली. बघता बघता सगळी चांदी समुद्रात परतली.

"मावशी, सुनेचे दोन्ही वाटे बुडवलेस की!" व्यापारी हसला.

"बुडवलंय खंय?" तिने ताठ मानेने समुद्राकडे हात केला. "पोटातल्याचो थंय ठेवलंय."