कुडकुडणं

गिर्यारोहक साहेबांसाठी दोर बांधून शिखरावरून उतरताना, भर दुपारी, धाकटा भाऊ बर्फात बसला आणि त्याचं कुडकुडणं थांबलं, तेव्हा ग्यालझेन शेर्पाने ओळखलं, याच्या अंगातली आग विझत आली. “आता थंडी वाजत नाही, दादा,” धाकटा हसला. त्याच्या मुठीत आईने दिलेला लोण्याचा गोळा होता. “सकाळपासून हेच गिळतोयस, गाढवा?” “घरी यानेच ऊब येते.” “घरी हवा आहे! इथल्या विरळ हवेत चरबी पेटत नाही, शरीर मांड्यांचं मांस खातं. साखर खा!” धाकट्याने मान फिरवली. ग्यालझेनने कानाखाली जाळ काढला, छातीवर गुडघा रोवला, बर्फकुऱ्हाडीच्या दांड्याने जबडा उचकटला. दात मोडला. रक्तातच साखर कोंबून तो मारत राहिला, धाकट्याने उठून नाकावर गुद्दा हाणेपर्यंत. “आईला सांगतो!” धाकटा ओरडला आणि त्याचे उरलेले दात पुन्हा थंडीने कडकडा वाजू लागले. ग्यालझेनने रक्त पुसलं. “चल, सांग.”