पाठीवरच्या खाचा

बतूल गुडघ्यांवर बसली आणि नव्या नक्षीवरून तिने हात फिरवला. मोरोक्कोतल्या फेझमध्ये फरशीची नक्षी उलटीच मांडतात, रंग जमिनीकडे आणि भाजकी माती वर; मग पाठीवर गिलावा थापून अख्खी नक्षी भिंतीवर चढवतात. त्यामुळे समोर नुसते मातकट तुकडे होते, हजारभर तरी. पण काहींच्या पाठीवर छिन्नीची एक खाच होती, काहींच्या दोन.

तिने एका खाचेचा तुकडा उलटून पाहिला. हिरवा. दोन खाचांचा निळा. बिनखाचेचा पांढरा.

"उस्ताद, तुम्हाला रंग दिसत नाहीत ना?"

नक्षी मांडणारे उस्ताद बूसल्हाम हातातला तुकडा चाचपत राहिले. तुकडे कापणारा म्हातारा तायबीच मध्ये पडला. खाचा मी मारतो म्हणाला, दोन वर्षं झाली. याचा एक जरी तुकडा चुकलेला सापडला तर माझी दाढी काप. "याला माझं थोबाडही धड दिसत नाही. म्हणून तर दोस्ती टिकलीय."

कुणी हसलं नाही. बतूल या मदरशाच्या डागडुजीची इंजिनिअर होती. अधू नजरेच्या माणसाला कारंज्याचं काम द्यायचं नाही, हा नियम तिनेच लिहिला होता. आणि हे काम काढून घेतलं तर उस्तादांना दुसरं कोण देणार? घरी बसवलं तर हा माणूस महिनाभरात खचेल, हे तिला दिसत होतं. तरी ती म्हणाली, उद्या मेक्नेस शहरातून दुसरे कारागीर बोलावते. कुणाच्या तोंडाकडे न बघता ती अंगणात निघून गेली.

अंगणात कारंज्याच्या भिंतीवरची जुनी नक्षी उतरवायची होती. उजवी बाजू कधीच पडून गेली होती, तिच्यासाठीच ही नवी नक्षी. डावी मात्र पावणेसातशे वर्षं जशीच्या तशी. सहा जणांनी ती जपून काढली आणि चटईवर पालथी घातली. बतूल पाणी शिंपडून ब्रशने मागचा चुना काढू लागली.

मातीवर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या. तडे गेले की काय, असं वाटून ती खाली वाकली. तडे नव्हते. खाचांत चुना बसला होता. एका तुकड्यावर एक, शेजारच्यावर दोन, पुढचा कोरा. कडेचा एक तुकडा सैल झाला होता. तिने तो उलटला. हिरवा. मग दुसरा. निळा.

तिने उस्तादांना हाक मारली. तायबी त्यांना हाताला धरून घेऊन आला.

उस्ताद बसले. अंगठा कडेवर टेकवला आणि हळूहळू मध्यापर्यंत नेला. एक, दोन, कोरा. एक, दोन, कोरा. मध्यावर अंगठा थांबला.

"सत्तर वर्षं या कारंज्याचं पाणी प्यालो," ते म्हणाले. "याचं नुसतं तोंडच बघत होतो."

कारंज्याच्या वर देवदाराच्या पट्टीत सुलतानाचं नाव कोरलेलं होतं, सालासकट. ज्याने नक्षी मांडली त्याचं कुठेच नव्हतं. त्याच्या फक्त खाचा होत्या, त्याही भिंतीकडे. सगळं शहर ज्या रंगांपुढे ओंजळ धरून उभं राहिलं, ते त्याला दिसत नव्हते.

बतूल उठली. तायबीला म्हणाली, मेक्नेसला निरोप नको, गिलावा कालव. नव्या नक्षीपाशी जाऊन तिने पहिली थापी स्वतःच मारली. एक खाच बुजली, मग दोन.

उस्तादांचा अंगठा अजून जुन्या मातीवरच होता. थापीचा आवाज त्यांनी ओळखला.

"पोरी," ते म्हणाले, "त्याचंही कुणीतरी असंच झाकलं असणार."