उजवा पंजा

मोहर्लीच्या एका रिसॉर्टसाठी करिश्मा वाघाच्या पंजाची बिस्किटं करायची. साचा एकच होता, उजव्या पंजाचा. भरदुपारी तिनं ओव्हनमधून ट्रे काढला. बोटांत चॉकलेट भरायचं तेवढं राहिलं होतं. जंगलात वाघाचे माग काढणारा तिचा नवरा, अंकुश, शेजारीच जेवत होता. ट्रेकडे पाहिलं अन् त्याचा घास हातातच राहिला.

"डावा साचा कधी आणला?"

"डावा कुठला? एकच तं हाय."

अंकुशनं ओळीवरून बोट फिरवलं. उजवा, डावा, उजवा, डावा.

"हा चालून राह्यला, करिश्मा."

कडेच्या बिस्किटावर दोनच बोटं उमटली होती. बाकीचा पंजा ट्रेबाहेर पडला होता.

खाली सांडलेल्या मैद्यात उमटलेल्या पुढच्या पंजांकडे अंकुश पाहतच राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पोरगी कुठी निजली हाय?"