कुंडीतला परका

कृषी खात्यात तीस वर्षं किडे ओळखण्यात घालवलेले बाबा दोन वर्षांपूर्वी एकदा घराची वाट चुकले. तेव्हापासून मुलगा ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. "तुमच्याच भल्यासाठी हो बाबा," म्हणून तो निघाला, की घर त्यांना खायला उठायचं.

परवा बाल्कनीत, नर्सरीतून आणलेल्या नव्या कुंडीत, त्यांना शेपटीला चिमटा असलेला किडा दिसला. तसले हजारो त्यांच्या नजरेखालून गेले होते, पण हा इथला नव्हता. त्यांनी जुन्या ऑफिसात फोन लावला. संध्याकाळी मुलगा घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच खात्याची माणसं हजर!

"सर, नजर अजून तश्शीच आहे तुमची," त्यांच्यातले साहेब बाबांना म्हणाले आणि मुलाकडे वळले. "फवारणी पुरी होईपर्यंत पाच दिवस कुणी घराबाहेर पडू नका. हा कपड्यांतूनही पसरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलाने दारापाशी दहा खेपा घातल्या. शेवटी तो वैतागला. "चार भिंतींत माणूस दिवसभर करणार तरी काय, बाबा?"



बाबा सोफ्यावर जरा सरकले आणि त्याला जागा देत म्हणाले, "बस. पहिलं वर्षच काय ते जड जातं."