सभेतून आणलेलं दुखणं

सभेहून आल्यापासून दिनकररावांचा डावा हात वर होत नव्हता. शर्टाची बटणंही ते एकाच हातानं लावत होते.

सभेत आता नुसतं भाषण नसे. खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला एक पट्टी बांधत, आणि साहेबांनी सोसलेलं सगळं त्याच्या अंगात उतरे. साहेबांना सत्तेत येऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्यांचं सोसणं संपलं नव्हतं.

यमुना नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं.

"लहानपणी मोडला होता," घरी आल्यावर दिनकरराव म्हणाले. "नदीपलीकडच्यांनी मोडला."

"अहो, ते साहेब त्यांच्या हाताचं सांगतात. तुमचा हात कधी मोडला?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं माहेर पलीकडचंच. तूही होतीस तिथे. हसत होतीस."

लग्नाआधी त्या दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. पण दिनकररावांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, आणि बत्तीस वर्षांत तिनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली.

दिनकररावांचा हात हळूहळू वर आला. त्यांनी तो मायेनं तिच्या खांद्यावर ठेवला.

"उद्या सभेला चल," ते म्हणाले. "हेच सगळ्यांसमोर म्हण. तिथे सगळ्यांचेच हात दुखतायत."