मंगरूळहून रोमला गेलेली चावी

“कोनी इश्वास ठेवनार नाही, पन पेटीची चावी मी राती रोमले नेली होती,” सायलीचे आजोबा गुलाबराव म्हणाले.

सायलीनं पेटीवर उगारलेला वरवंटा तसाच हातात राहिला. स्टँडावरून गाडी सुटायला पाऊण तास होता. गोव्यात पोर्तुगीज शिकायला तिची निवड झाली होती, आणि परवापर्यंत मूळ कागदपत्रं दाखवली नाहीत तर जागा दुसऱ्याची. कागदपत्रं आजीच्या लोखंडी पेटीत. ती चावी एरवी आजीच्या कमरेलाच असायची. सकाळपासून नव्हती.

सायलीच्या आईनं, सुचितानं, डबे उपडे करून पाहिले होते, गाद्या झटकल्या होत्या. ती घामाघूम होऊन वळली. “मामाजी, तुमी घेतली चावी? कायले?”

“सांगतो ना. अगोदर तो वरवंटा खाली ठेव, पोरी. तुह्या आजीच्या लग्नातली पेटी हाये.”

अंगणात बाजाराच्या मेथीचा ढीग पडला होता. गुलाबराव त्यातून उठून उभे राहिले. गोष्ट सांगायची म्हटलं की त्यांना बसवतच नसे.

“रोममंधी तिचं नाव क्लाविस. मोठ्या घरची लेक! पन घरात बसली का? इटलीवाल्याईनं तिले कियावे केलं. फ्रान्सात गेली तं अर्धं नाव रस्त्यात सांडलं, नुसती क्ले उरली. स्पेनमंधी यावे. तिथं नळाच्या तोटीलेबी यावे अन् कुस्तीतल्या पेचालेबी यावे. मी एका पैलवानाले पुसलं, भाऊ, मले यावे पाह्यजे. त्यानं मले पेचातच धरलं! पाहा, मान अजून वाकडी हाये!”

सायलीला हसू आवरेना. हे सगळे शब्द तिचे होते. हिवाळाभर ओट्यावर बसून तिनं फोनवरून ते घोकले होते. आबा शेजारी मेथीच्या जुड्या बांधत असायचे. त्यांचं लक्ष जुड्यांकडे आहे असंच तिला वाटलं होतं. म्हाताऱ्यानं एकही शब्द सांडू दिला नव्हता.

“एस्पेरांतो राह्यली, आबा!” तिच्या तोंडून निघून गेलं.

“राहीन कशी? एका डाक्तरनं घरी बसून घडवलेली भाषा! तिथं क्लावो. दाराचं काम सोडलं अन् हार्मोनियमची पट्टी झाली. बोट ठेवलं का गाते!”

आवाज ऐकून शेजारची मोतीबाई कुंपणावरून डोकावली. गुलाबरावांना आणखी चेव चढला. पण त्यांचं लक्ष मोतीबाईकडे नव्हतं, सायलीकडेही नव्हतं. ते तुळसाबाईकडे पाहत होते. सायलीचं जाणं ठरल्यापासून आजी दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. आताही खाली मान घालून एकच जुडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती.

“अन् पोर्तुगालात पोचली तं थेट जहाजावरच चढली! घरचे रडले. म्हने, पोर गेली, आता कायची वापस येते. उतरली गोव्याले. तिथून घाट चढली, बजार पाह्यले, चावी नाव घेतलं. अन् एवढी दुनिया पालथी घालून आली कुठी?” गुलाबरावांचा आवाज एकदम खाली आला. “या तुळसाच्या कमरेले. चाळीस वर्सं झाली, हालली नाही.”

आजीचे हात थांबले.

“ते सारं ठीक,” सुचिता म्हणाली. “आता हाये कुठी?”

“माह्या हातून हिरीत पडली. मीच येडा. काय बोलाचं ते मले बोला, अन् फोडा पेटी.”

“मामाजी! पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये अन् तुमाले खेळ सुचून राह्यला?” सुचिताला रडू फुटलं. सायलीनं पुन्हा वरवंटा उचलला.

“झूट!”

तुळसाबाई उठली होती. तिनं हातातली जुडी सायलीच्या ओटीत टाकली. सुतळी सुटली, मेथी पसरली, आणि हिरव्या काड्यांमधून लोखंड चमकलं.

“साऱ्या जलमात,” ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “या मानसाच्या हाती मी चावी देली होती कवा?”